व्हॉल्व्ह काढून फेकणाऱ्या मेस्त्रींना खुलं पत्र

मेस्त्री,

नमस्कार घालायची रीत आहे म्हणून घालते. या पत्रात त्यापुढे गोड काही सापडणार नाही.

गाडी सांगितली की तुम्हाला ओळख पटेल. पांढरी प्रीमियर पद्मिनी, १९८९ची. बाबा तुमच्याकडे आणायचे, त्यांच्यानंतर मी आणत राहिले. तुमच्या हाताबद्दल मला कधीच शंका नव्हती. कार्बोरेटर तुम्ही कानाने लावता, टॅपेटचा आवाज रस्त्याच्या पलीकडून ओळखता. म्हणूनच राग जास्त आहे. ज्याला काम येत नाही त्याला मी माफ केलं असतं. तुम्हाला येतं, आणि तरीही तुम्ही या इंजिनाच्या पाण्याशी वर्षानुवर्षं बेइमानी केलीत. खासगीत बोलून उपयोग होईना, तुम्ही दर वेळी “काही होत नाही ताई” म्हणून उडवून लावलंत. तेव्हा आता चारचौघांत.

वाई सोडून पसरणीचा घाट चढताना गाडी उकळली, हे तुम्हाला कळवलं होतं. पुढे दुसऱ्या गॅरेजात हेड उतरलं तेव्हा काय निघालं, ते तुम्हाला माहीत नाही; तुम्ही विचारलंच नाहीत. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नव्हता. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा गंजाच्या गाळाने अर्ध्या भरल्या होत्या. रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर होता आणि त्यावर पिवळा राप. अॅल्युमिनियमच्या हेडला पाण्याच्या भोकांभोवती खड्डे पडले होते आणि पट्टी ठेवून पाहिलं तर ते वाकलेलं होतं. गॅसकेट दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटलं होतं, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. यातल्या एकेका गोष्टीचा हिशोब तुमच्याशी करायचा आहे.

पहिली गोष्ट तुमच्या आवडत्या वाक्याची. “आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? कूलंट गोऱ्यांच्या देशात लागतं. इथे पाणी चालतं.” हे वाक्य तुम्ही प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला ऐकवता आणि तो मान डोलावतो, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. त्यात खरं इतकंच आहे की पाणी गोठण्याची भीती साताऱ्यात नाही. आणखी एक खरं तुमच्या बाजूने मीच सांगते: उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी चांगलं आहे. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असं मिश्रण त्या कामात पाण्यापेक्षा दहा ते वीस टक्के कमी पडतं. पण पाणी आणि इंजिन यांचा संबंध तेवढ्यावर संपत नाही. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या हवेच्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास जातो. महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर, साधं पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं. मिश्रणही तिथे थोडं लवकर उकळतं, पण पाण्याहून सहा-सात अंश वर. घाट चढणाऱ्या इंजिनाला हे अंश म्हणजे पोचणं आणि रस्त्याकडेला थांबणं यातला फरक आहे.

तरी उकळण्याचा मुद्दा मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिला नंबर गंजाचा. पद्मिनीच्या इंजिनात काय काय आहे ते तुम्ही माझ्याहून चांगलं सांगाल. ब्लॉक बिडाचा. हेड अॅल्युमिनियमचं. रेडिएटरच्या नळ्या तांब्या-पितळेच्या, टाकीला शिशाची झाळ. कोअर प्लग पोलादाचे. इतके धातू एकाच पाण्यात बुडवलेत आणि त्या पाण्यात क्षार आहेत. वीज वाहायला एवढं पुरतं. अशा बॅटरीत कमकुवत धातू खाल्ला जातो आणि या सगळ्यांत कमकुवत अॅल्युमिनियम आहे. तांब्याचे कण पाण्याबरोबर फिरून अॅल्युमिनियमवर बसतात, तिथे खड्डे पडायला लागतात. आमच्या हेडवरचे खड्डे असे पडले. थंडी, बर्फ, गोरे यांचा त्यात काही संबंध नाही. उष्ण हवेत गंज उलट जोरात चालतो.

कूलंटच्या डब्यात ग्लायकॉलखेरीज जे थोडंसं मिसळलेलं असतं, त्याचेच पैसे आपण मोजतो. जुन्या पद्धतीच्या कूलंटमधलं सिलिकेट अॅल्युमिनियमवर पातळ कवच धरतं. ट्रायझोल जातीची द्रव्यं तांब्या-पितळेला झाकतात. बोरेट किंवा फॉस्फेट पाणी आम्ल होऊ देत नाही. ग्लायकॉल स्वतःच उष्णतेने आणि हवेने हळूहळू कुजतं, त्यातून फॉर्मिक आणि ग्लायकॉलिक आम्लं तयार होतात, आणि ती मारता मारता ही द्रव्यं संपत जातात. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. रंग तेव्हाही तसाच हिरवागार असतो. कधी कूलंट भरलेलं असलंच तर तुम्ही टोपण उघडून, बोट बुडवून “अजून मस्त हिरवं आहे” म्हणायचात. तुम्ही रंग तपासत होता, औषध संपलेलं होतं.

आता पाणी. तुमच्या दारातला बोअर. महाराष्ट्राची चार पंचमांशाहून जास्त जमीन बेसाल्टच्या खडकावर बसलेली आहे, आणि त्या खडकातून झिरपणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हटलं आहे. माणसाला ते चालतं, कारण माणूस ते पाणी शरीरात वर्षभर उकळत ठेवत नाही. इंजिनात पाणी गरम होतं, क्षार सुटतात आणि जिथे सगळ्यांत जास्त गरम आहे तिथेच, म्हणजे हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, चिकटतात. जिथून उष्णता सगळ्यांत आधी निघायला हवी तिथेच थर बसतो. हा थर उष्णतेला बिडापेक्षा कितीतरी पटीने अडवतो. रेडिएटर गळत होता म्हणून तुम्ही दर आठवड्याला बादलीने भर घालायला सांगितलीत, आणि दर बादलीबरोबर नवा चुना आत गेला. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन बॅटरीसाठी तुमच्या दुकानात कायम असतो. बॅटरीच्या सहा घरांना जे पाणी तुम्ही थेंब मोजून घालता, ते इंजिनाला घालताना तुमचा हात का आखडतो?

(नुसतं डिस्टिल्ड पाणी भरलं की काम झालं, असं मात्र कुणी समजू नये. त्यात चुना नाही, पण गंजापासून राखणारंही काही नाही. बीड त्यातही गंजतं.)

त्या पिवळ्या रापाबद्दल थोडक्यात सांगते. रेडिएटरची बारीक गळती थांबवायला तुम्ही हळद टाकलीत. ट्रक घाटात अडकला आणि गावापर्यंत पोचायचं आहे, तेव्हाचा तो इलाज आहे. पोचल्यावर रेडिएटर उतरवून झाळायचा असतो. तुम्ही हळदीवर गाडी घरी पाठवलीत.

थर्मोस्टॅटकडे मात्र मी जरा थांबणार आहे, कारण गुन्ह्याचं मूळ तिथे आहे. तुम्ही त्याला व्हॉल्व्ह म्हणता आणि फोडासारखा काढून टाकता. तुमच्या बाकाखाली काढलेल्या व्हॉल्व्हचा ढीग मी पाहिला आहे, आणि त्यातला एकही तुम्ही गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून तपासला नव्हता. तपासायला थर्मामीटर आणि पाच मिनिटं लागतात. आतल्या डबीतलं मेण साधारण ८२ ते ८८ अंशांना वितळून फुगतं, दांडा ढकलतं, तोंड उघडतं. तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. ते तापमान इंजिन बांधणाऱ्याने विचार करून ठरवलेलं आहे. त्याच्या खाली चालणाऱ्या इंजिनात पेट्रोलचं नीट बाष्प होत नाही, ओलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, जळण्यातून आलेली वाफ खाली ऑइलमध्ये जमते आणि चिखल होतो. रिंगा आणि बोअर झिजतात. डिसेंबरच्या सकाळी आमच्या गाडीचा काटा अर्ध्यावरसुद्धा यायचा नाही, आणि तुम्ही ते कौतुकाने दाखवायचात: “बघा, किती थंड चालते!”

मेस्त्री, थंड चालणारं इंजिन निरोगी असतं हे तुम्हाला कुणी शिकवलं? काही इंजिनांत तर हा व्हॉल्व्ह दुहेरी असतो. वरचं तोंड उघडतं तेव्हा खालचं तोंड आतल्या आत फिरणारी वाट बंद करतं. असा व्हॉल्व्ह काढला की आतली वाट कायम उघडी राहते, गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात येतो, आणि ऐन चढावर गाडी उलट जास्त तापते. तापणं थांबावं म्हणून केलेल्या कामाने तापणं वाढतं.

आमच्या गाडीचा रोग चोंदलेल्या नळ्या हा होता. व्हॉल्व्ह काढल्यावर सपाट रस्त्यावर तो दिसेनासा झाला, म्हणून आणखी काही वर्षं कुणी रेडिएटर उघडला नाही. पसरणीच्या चढावर तो लपून राहिला नाही. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. बिडाच्या ब्लॉकवर बोल्टांनी आवळलेलं अॅल्युमिनियमचं हेड एकदा प्रमाणाबाहेर तापलं की पसरायला जागा शोधतं, जागा मिळत नाही, आणि वाकतं. पुढचा खर्च तुम्हाला पाठ आहे: हेड फेसिंग, गॅसकेट, ऑइल, मजुरी. काही शे रुपयांचा व्हॉल्व्ह आणि दोन कॅन पाणी वाचवून हा खर्च तुम्ही माझ्या गळ्यात घातलात.

घाटाच्या आधी एकदा तुम्हाला उपरती झाली होती म्हणे. शेवटच्या सर्व्हिसिंगला तुम्ही गुलाबी कूलंट भरलंत. “नवीन गाड्यांचं आहे, पाच वर्षं बघायला नको.” पैसेही नव्या गाड्यांचे घेतलेत. इथे तुमचा आळस नव्हता, हे मान्य. इथे तुम्ही डब्यावरचं काही वाचलं नाहीत.

या नव्या जातीच्या कूलंटमध्ये सिलिकेटऐवजी सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते सगळीकडे कवच धरत नाहीत, गंज जिथे सुरू होईल तिथेच जाऊन बसतात, म्हणून पाच वर्षं पुरतात. अॅल्युमिनियमचे रेडिएटर, प्लास्टिकच्या टाक्या आणि बंद पाणीव्यवस्था असलेल्या गाड्यांसाठी ते बनलं आहे आणि तिथे ते उत्तम काम करतं. झाळलेल्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरमधल्या शिशाला ते तितकं राखत नाही. त्यातलं एक आम्ल काही जुन्या सील-गॅसकेटांना मऊ पाडतं. आणि जुन्या हिरव्या कूलंटच्या अवशेषांवर, गंजावर आणि हळदीवर ते ओतलं की काय होतं, ते आमच्या ब्लॉकमधून खरवडून काढावं लागलं. जनरल मोटर्सने १९९५ पासून असं नारिंगी कूलंट आपल्या गाड्यांत भरायला घेतलं. पुढे गाळ आणि गॅसकेटच्या तक्रारींवरून मालकांनी दावे लावले आणि २००८ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. त्या गाड्या तर नव्या होत्या.

रंगावर जाऊ नका, हे तुम्हाला आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला मी हात जोडून सांगते. हिरवा, निळा, गुलाबी, नारिंगी ही कंपन्यांनी आपापल्या मर्जीने घातलेली रंगद्रव्यं आहेत. कुठल्या रंगात काय असावं याचा कुठलाही कायदा नाही. डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचायचा. सिलिकेट आहे का, सेंद्रिय आम्लाचं आहे की दोन्हींचं मिश्रण, भारतीय मानक ५७५९ चा उल्लेख आहे का, आणि पाणी मिसळलेलं आहे की मिसळायचं आहे. पद्मिनी, अॅम्बेसेडर, जुनी जीप, म्हणजे पितळी टाकीचा झाळलेला रेडिएटर असेल, तर साधं, जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं कूलंट घ्यायचं आणि दर दोन वर्षांनी न चुकता बदलायचं. ते स्वस्तही असतं. जुन्या डिझेल इंजिनांत ओले लायनर असतील तर नायट्राइट असलेलं घ्यायचं, नाहीतर लायनर थरथरताना त्याच्या बाहेरच्या अंगावर फुटणारे बुडबुडे कालांतराने आरपार भोक पाडतात. कंपनीने ज्या गाडीला पाच वर्षांचं कूलंट दिलं आहे तिला तेच द्यावं. दोन जाती एकत्र करू नयेत.

भरण्याची रीतही तुम्हालाच सांगायची वेळ यावी? रेडिएटरचा नळ सोडला की तुमच्या मते पाणी निघालं. ब्लॉकच्या अंगाला वेगळा नट असतो. तो कधी उघडत नाही, म्हणून गंजून बसतो, आणि गंजून बसला म्हणून कधी उघडत नाही. तिथलं जुनं पाणी आतच राहतं. त्यावर तुम्ही तयार मिसळलेलं कूलंट ओतता, म्हणजे निम्म्याचं पाव होतं. तिसऱ्या हिश्श्याखाली गेलेलं कूलंट गंज अडवायला पुरत नाही. ब्लॉक धुऊन झाल्यावर आत पाणी राहणार असेल तर न मिसळलेलं कूलंट घ्यायचं, एकूण मापाच्या निम्मं ते आधी घालायचं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरायची. नुसतं घट्ट कूलंट भरणारेही महाभाग आहेत. निव्वळ ग्लायकॉल उष्णता फार कमी वाहतं, आणि गोठतं तेसुद्धा उणे तेरा अंशांच्या आसपास, मिश्रणाच्या उणे सदतीसच्या कितीतरी आधी.

टोपणाचं रबर चिरलेलं असेल तर बदलावं. साधारण ०.९ बारचं टोपण उत्कलनबिंदू विसेक अंशांनी चढवतं. पण जुन्या रेडिएटरला मुळात जेवढ्या दाबाचं टोपण होतं तेवढंच लावायचं. जास्त दाबाचं लावून झाळ फुटलेले रेडिएटर तुमच्याच अंगणात पडलेले असतात.

आता शेवटची गोष्ट. ती गाडीची नाही, आणि तिच्यावर मी तुम्हाला काही सवलत देणार नाही. काढलेलं कूलंट तुम्ही दारासमोरच्या गटारात ओतता. गटार उघडं आहे. शेजारी चहाची टपरी आहे, तिथली पोरं तिथेच खेळतात, रस्त्यावरची कुत्री तिथलंच पाणी पितात. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. मोठ्या माणसाचा जीव घ्यायला त्याचे साधारण शंभर मिलिलिटर पुरे होतात, लहान मुलाला आणि कुत्र्याला त्याहून खूप कमी. शरीरात त्याचं ऑक्झॅलेट होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. त्याच्याच जातीचं डायइथिलीन ग्लायकॉल १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरिनमधून रुग्णांच्या पोटात गेलं आणि चौदा जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच बसला होता. तुमच्या कुत्र्याचं काय झालं, ते तुम्ही मला सांगितलं होतंत. दोन दिवस झोकांड्या खात होता, मग लघवी बंद झाली, मग गेला. तुम्ही म्हणालात, कुणीतरी विष घातलं असेल. मेस्त्री, त्या गटाराकडे एकदा बघा.

दोष कुणाचा, हे इतकं लिहिल्यावर वेगळं सांगायला नको. पैसे मला परत नकोत. हेड सरळ झालं आहे, रेडिएटर रॉडिंग करून झाळून घेतला आहे, नवा थर्मोस्टॅट पातेल्यात उघडताना पाहून मगच बसवून घेतला आहे, आणि कूलंट बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतून चिकटवली आहे. गाडी चालते. पण कुर्ल्याचा पद्मिनीचा कारखाना कधीच बंद झाला, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. उरलेल्या जुन्या गाड्यांची नवी हेडं कुणी ओतणार नाही. आज उद्या तुमच्या दारात कुणाच्या वडिलांची अॅम्बेसेडर येईल, कुणा शेतकऱ्याची जीप येईल. त्या गाडीचा व्हॉल्व्ह काढू नका. बोअरचा पाइप त्या रेडिएटरला लावू नका. आणि काढलेलं कूलंट कॅनमध्ये भरून, झाकण लावून, वर ‘विष’ असं लिहून ठेवा. हे आजपासून करा.

कळावे,
पांढऱ्या पद्मिनीची मालकीण